क्रिस्तपुराणातील न वाचलेल्या ओव्या: मोह, न्याय आणि कृपा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स आपल्याला भेटतो तो साधारणपणे अर्ध्या पानापुरता. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, तिच्यात त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि त्यात त्याने मराठी भाषेची स्तुती केली. या स्तुतीच्या ओव्या वर्गात वाचून दाखवल्या जातात. रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर अशा उपमानांनी नटलेल्या त्या मोजक्या ओळी विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि तास मुक्तेश्वराकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाच्या शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, भाषेची स्तुती झाल्यावर उरलेल्या पुराणात तो सांगतो काय?” प्रश्न इतका साधा होता की त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नसल्याची लाज वाटली. दोन पुराणे, पहिल्यात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू, मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. एवढा विस्तार कोणी केवळ भाषेच्या प्रेमापोटी करीत नाही. आपण स्टीफन्सची भाषा स्वीकारली आणि त्याचे म्हणणे बाजूला ठेवले. त्याने दिलेली भेट उघडली, वेष्टनाची वाखाणणी केली, आणि आतली वस्तू तशीच राहू दिली.

ती आतली वस्तू थोडक्यात सांगायची तर तीन शब्दांत सांगता येते: मोह, न्याय आणि कृपा. माणूस मोहाला बळी का पडतो, त्याचा न्याय कोण आणि कसा करणार, आणि न्यायाच्या पलीकडे त्याच्यासाठी काही शिल्लक आहे का, या तीन प्रश्नांभोवती ख्रिस्ती विचाराची दीड हजार वर्षे स्टीफन्सच्या आधी उलटली होती. तो इतिहास माहीत असल्याशिवाय ‘क्रिस्तपुराण’ हे काव्य म्हणूनही नीट वाचता येत नाही, असे मला वाटते. म्हणून या लेखात आधी त्या इतिहासाकडे आणि मग त्याच्या मराठी अवताराकडे वळायचे आहे.

१

मोहाची मूळ कथा सर्वपरिचित आहे. उत्पत्तीच्या ग्रंथातील बाग, निषिद्ध फळ, सर्प, स्त्री आणि पुरुष. कथेत सर्प बळजबरी करीत नाही. तो एक प्रश्न विचारतो, देवाच्या आज्ञेचा थोडा विपर्यास करतो आणि गप्प राहतो. फळ सुंदर दिसते, ते खावेसे वाटते, हात पुढे होतो. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोरल्या ग्रेगरीने या प्रक्रियेचे तीन टप्पे सांगितले: बाहेरून येणारी सूचना, मनाला वाटणारी गोडी, आणि शेवटी इच्छेने दिलेली संमती. सूचना येणे हे पाप नव्हे. पाप पुरे होते ते संमतीत. मराठी वाचकाला इथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ती साखळी आठवेल, ज्यात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध आणि शेवटी बुद्धिनाश असा उतार दाखवला आहे. दोन्हीकडे पतन एकदम होत नाही, ते पायरीपायरीने होते. फरक असा की गीतेतील साखळी मनाच्या व्यापाराचे वर्णन करते. ग्रेगरीच्या साखळीत प्रत्येक पायरीवर समोर एक व्यक्ती उभी आहे, जिची आज्ञा मोडली जात आहे.

या कथेला आत्मचरित्राचे रूप दिले ते ऑगस्टीनने. इ. स. ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी जन्मलेला, अलंकारशास्त्राचा हा प्राध्यापक ३८७ साली मिलान येथे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला आणि पुढे हिप्पो येथे बिशप झाला. चौथे शतक संपताना लिहिलेल्या आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीविषयी लिहितो. शेजारच्या बागेतील पेअरची फळे मित्रांच्या टोळक्याने रात्री चोरली. फळे फारशी चांगली नव्हती. पोटात भूक नव्हती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी?

एका किरकोळ चोरीवर ऑगस्टीन पानेच्या पाने खर्ची घालतो, याचे पुष्कळांना हसू आले आहे. पण त्याचा प्रश्न किरकोळ नाही. सुंदर वस्तूच्या लोभाने चूक झाली तर ती समजते. इथे लोभाची वस्तूच नव्हती. चोरीची गोडी चोरीतच होती, आणि एकटा असतो तर केली नसती असेही तो सांगतो. एडनच्या बागेतील फळ निदान देखणे होते. ऑगस्टीनला आपल्या बागेत सापडले ते याहून भयंकर: इच्छाच आतून वाकडी झाली आहे. मोह बाहेरून येतो हे अर्धे सत्य आहे. त्याला दार उघडणारा आधीपासून आत बसलेला असतो.

२

इच्छाच वाकडी असेल तर माणसाने सरळ व्हायचे कसे? ऑगस्टीनचे उत्तर होते कृपा. याच ग्रंथाच्या दहाव्या भागात तो देवाला विनवतो की तू हवी ती आज्ञा कर, पण ती पाळण्याचे बळही तूच दे. ही विनवणी रोममध्ये कोणीतरी वाचून दाखवली तेव्हा तिथे असलेला पेलागियस नावाचा ब्रिटनमधून आलेला तपस्वी अस्वस्थ झाला, असे ऑगस्टीननेच पुढे नोंदवले आहे.

पेलागियसची अस्वस्थता समजून घेण्यासारखी आहे. तो चैनी माणूस नव्हता. रोममधील सुखवस्तू ख्रिस्ती समाजाला सदाचाराची शिस्त लावू पाहणारा कडक शिक्षक होता. त्याचे म्हणणे असे: देव अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. आज्ञा आहे त्या अर्थी पाळण्याची शक्तीही माणसाच्या स्वभावात त्याने ठेवली आहे. बळही देवानेच द्यायचे म्हटले, तर आळशी माणसाला सबब मिळेल, आणि न्यायाला अर्थ उरणार नाही. ज्याला चालता येत नाही त्याला न चालल्याबद्दल शिक्षा करणारा न्यायाधीश कसला?

४१० साली रोम लुटले गेले. निर्वासितांबरोबर पेलागियस आफ्रिकेत आणि तिथून पॅलेस्टाइनला गेला. ४१५ साली तिथल्या एका धर्मसभेने त्याला निर्दोष ठरवले; ४१८ साली कार्थेजच्या सभेने आणि त्यानंतर पोपने त्याचे मत त्याज्य ठरवले. परंतु वाद मिटला नाही. ऑगस्टीनचा पक्ष जिंकला तरी त्याच्या विचाराची टोके सगळ्यांना पेलली नाहीत. कृपा जर निव्वळ देवाच्या मर्जीवर असेल, तर ती काहींना मिळते आणि काहींना नाही, असे का? बाप्तिस्म्याविना मेलेले तान्हे मूलही आदामाच्या पापाचे वाटेकरी म्हणून दोषी, या निष्कर्षापर्यंत तो गेला. ५२९ साली ऑरांज येथे भरलेल्या सभेने मधली वाट काढली: श्रद्धेचा पहिला अंकुरही कृपेनेच फुटतो हे मान्य, पण देव कोणाला दुष्कृत्यासाठी नेमून ठेवतो, हे अमान्य.

आपल्याकडे याच प्रश्नाला श्रीवैष्णव आचार्यांनी दिलेले दृष्टान्त प्रसिद्ध आहेत. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. मर्कटन्याय की मार्जारन्याय, यावरून दक्षिणेत वडकलै आणि तेनकलै असे दोन पंथ झाले. म्हणजे प्रश्न एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही. जिथे जिथे देव व्यक्तिरूप आणि दयाळू मानला गेला, तिथे तिथे माणसाच्या प्रयत्नाचे मोल काय, हा प्रश्न उभा राहिलेला दिसतो.

३

न्यायाच्या कल्पनेत मात्र दोन परंपरांमधले अंतर मोठे आहे. कर्मविपाकाच्या विचारात फळ कृतीच्या पोटातच दडलेले असते. ते या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी पिकते. यमधर्म आणि चित्रगुप्त आहेत, पण ते हिशेब ठेवणारे आहेत, आणि हिशेब पुढच्या वहीत ओढता येतो. ख्रिस्ती विचारात वही एकच आहे. जन्म एक, मरण एक, आणि काळाच्या शेवटी सर्वांचा एक निवाडा.

निवाडा हा शब्द इथे न्याय या शब्दापेक्षा अधिक जवळचा वाटतो. नव्या कराराच्या ग्रीकमधील ‘क्रिसिस’ या शब्दाच्या मुळाशी निवडणे, वेगळे करणे हा अर्थ आहे. साहित्यसमीक्षेला इंग्रजीत जे नाव आहे तेही याच धातूतून आले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढपाळ संध्याकाळी मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसा राजा माणसांना निवडतो. त्या निवडीचा निकष लक्षात घेण्यासारखा आहे. भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का? कोणत्या मताचा होतास, हे त्या प्रसंगात कोणी विचारीत नाही. आणि भुकेलेला, परका, कैदी म्हणून जो आला होता तो न्यायाधीश स्वतःच होता, असे उलगडते.

ख्रिस्ती कल्पनेचा गाभा इथे आहे. न्याय करणारा स्वतः एकदा आरोपी म्हणून पिलाताच्या समोर उभा राहिला होता. त्याआधी अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याने मोहही सोसला होता: दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, जगातली सारी राज्ये घे. भूक, चमत्कार आणि सत्ता. ज्याने मोह अनुभवला आणि अन्यायाने शिक्षा भोगली, त्याच्याच हाती निवाडा असणे यात न्याय आणि कृपा यांची गाठ बांधली जाते. मध्ययुगीन चित्रकारांनी आणि १५४१ साली सिस्टाइन प्रार्थनामंदिरातील भिंतचित्र पुरे करणाऱ्या मायकेलअँजेलोने शेवटच्या निवाड्याची दहशत रंगवली. ती दहशत कथेत आहेच, पण न्यायाधीशाच्या हातापायांवरचे व्रणही तिच्याच कथेत आहेत.

सोळाव्या शतकात हा तोल पुन्हा ढळला. ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातच संन्यासी असलेल्या मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या व्यापारावर १५१७ साली हल्ला चढवला आणि माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ श्रद्धेने, कृपेच्या बळावर, असे मांडले. १५२५ साली इरॅस्मसला उत्तर देताना त्याने माणसाची इच्छा बद्ध असल्याचे ठासून सांगितले. रोमच्या बाजूने उत्तर आले ते १५४७ साली ट्रेंट येथील परिषदेच्या सहाव्या बैठकीत: आरंभ कृपेचाच, पण माणूस तिला होकार देऊ शकतो आणि नकारही देऊ शकतो. हा होकार नेमका किती माणसाचा आणि किती देवाचा, यावर कॅथलिकांमध्येच नवा वाद पेटला. १५८८ साली लुईस दे मोलिना या जेझुइटाने लिस्बनहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाच्या स्वातंत्र्याला मोठी जागा दिली. डोमिनिकन पंथीयांना त्यात पेलागियसचे भूत दिसले. रोममध्ये वर्षानुवर्षे चौकशी चालली आणि १६०७ साली पोप पाचव्या पॉलने निकाल न देताच ती थांबवली. दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढेच बजावले. कृपेविषयीच्या वादाचा निवाडा न करणे, हाच बहुधा त्यातला शहाणपणा होता.

स्टीफन्स याच जेझुइट संघाचा, आणि रोममधील वाद चालू होता त्या वर्षांत साष्टीत ओवी आत्मसात करीत होता.

४

आता मराठीकडे येऊ. हा सगळा वारसा स्टीफन्सला अशा भाषेत आणायचा होता, जिच्यात ज्ञानेश्वरी लिहून होऊन तीन शतके उलटली होती आणि एकनाथ त्याच्या हयातीतच होऊन गेले होते. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले आहे. ऐकणारा कान त्याच्यापाशी होता. पण भाषा ही रिकामी घागर नसते. तिच्यात आधीचे पाणी असते.

पुराणाचा आरंभ पाहावा. मंगलाचरणाच्या अगदी सुरुवातीलाच तो देवाला ‘कृपानिधी’ आणि ‘करुणाकर’ म्हणतो, रिद्धिसिद्धीचा दाताही म्हणतो. हे शब्द गणेशवंदनेतून आणि भक्तिकाव्यातून ऐकणाऱ्याच्या ओळखीचे होते. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो. मुक्ती आणि मोक्ष हे शब्द घेतो. कृपा हा शब्द तर जुनाच. संस्कृतात त्याचा मूळ भाव कीव, अनुकंपा असा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात स्वजनांना पाहून अर्जुन कृपेने व्यापला, म्हणजे त्याला त्यांची दया आली. पुढे संतांच्या भाषेत ती गुरूची आणि देवाची कृपा झाली. लॅटिनमधील ‘ग्रात्सिया’त फुकट दिलेल्या देणगीचा भाव मुख्य आहे, कृपेत कळवळ्याचा भाव मुख्य आहे. स्टीफन्सने हा शब्द घेतला तेव्हा ऑगस्टीनची कृपा मराठीत आली, पण येताना ती थोडी अधिक कनवाळू होऊन आली. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणी प्रार्थनांत तो ‘कुर्पा’ या रूपाने आजही नांदतो.

मोहाच्या बाजूचा शब्दही पाहण्यासारखा आहे. गोव्यातील हिंदूंच्या लोकश्रद्धेत देवचार हा गावाचा राखणदार. रात्री-अपरात्री वाट दाखवणारा. ख्रिस्ती कोंकणीत तोच देवचार सैतान झाला. एकाच वाड्यावर राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांसाठी एक शब्द राखणदाराचा आणि मोहात पाडणाऱ्याचा व्हावा, यात धर्मांतराचा सारा इतिहास एका शब्दात साठवलेला आहे. शब्द उसना घेतला की अर्थ जोडला जातो हे खरे. कधी कधी तो उलटाही केला जातो.

आणि तरीही एक गोष्ट मराठीत आणणे कठीण होते: आदामाच्या पापात सगळ्या मानवजातीचा वाटा. मराठी भक्तिकाव्याला ‘पतित’ चांगला ठाऊक आहे. देवाला ‘पतितपावन’ हे ब्रीद आहे, आणि स्टीफन्स वारला तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे असलेले तुकोबा पुढे त्या ब्रीदावरून विठोबाशी भांडणार होते: मी पतित नसतो तर तुझे ब्रीद कसे टिकले असते? हा पतित एकेकटा आहे. त्याची पापे त्याने केलेली आहेत, या जन्मी किंवा मागच्या. जन्माआधीच्या एका पूर्वजाच्या संमतीने सगळेच पतित झाले, हे समजावून द्यायला कथा हवी, आणि कथेला पुराण हवे. स्टीफन्सने ख्रिस्ताचे चरित्र सांगण्याआधी पहिले पुराण उभे करून सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा, त्यांचे पतन आणि पुढच्या पिढ्यांची प्रतीक्षा मांडली, त्याचे कारण मला इथे दिसते. दुसऱ्या पुराणातील कृपा कळायची असेल तर पहिल्या पुराणातील मोह आधी कळला पाहिजे. पुराण हा साचा त्याने लोकांना रुचेल म्हणून निवडला असेल. पण आशयालाही त्याच साच्याची गरज होती.

५

इथवरचे वाचन केवळ काव्याचे झाले. इतिहासाला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो अवघड आहे.

पहिल्या पुराणाच्या आरंभीच्या भागात नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला सांगतो की आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे द्या. ‘क्रिस्तपुराण’ ही त्या मागणीची पूर्तता आहे. पण जुनी पुराणे गेली ती आपणहून गेली नव्हती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय आले. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. त्याआधीच, १५५९ च्या राजाज्ञेने पितृहीन हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याची वाट मोकळी केली होती. बाप्तिस्म्याविना मेलेल्या मुलाविषयीच्या ऑगस्टीनच्या त्या कठोर निष्कर्षाची सावली मला या आज्ञेवर पडलेली दिसते. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्यात स्टीफन्सचा पुढाकार होता असे सांगतात. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकर पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. या सगळ्याच्या मधोमध, याच तालुक्यात, कृपानिधी देवाला वंदन करणाऱ्या ओव्या लिहिल्या जात होत्या.

यात आणखी एक पदर आहे. स्टीफन्सच्या स्वतःच्या देशात त्याचा पंथ राजसत्तेच्या कोपाखाली होता. एडमंड कॅम्पियन या इंग्रज जेझुइटाला १५८१ साली लंडनमध्ये देहान्त शिक्षा झाली. मायदेशी राहता तर स्टीफन्स आरोपीच्या पिंजऱ्यात असता. गोव्यात तो न्याय करणाऱ्यांच्या बाजूला होता. सत्तेच्या या दोन टोकांविषयी तो मनाशी काय म्हणाला असेल हे कळायला मार्ग नाही. पण वाचकाने ती दोन्ही टोके विसरू नयेत.

आणि ही विसंगती एकट्या गोव्याची नाही, तिचे मूळ पुन्हा ऑगस्टीनपाशीच आहे. कृपेचा हा थोर आचार्य आरंभी धर्मात जबरदस्ती नको म्हणत असे. आफ्रिकेतील दोनातीय पंथाशी झगडताना, पाचव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याने मत बदलले. मेजवानीच्या दृष्टान्तातील यजमान नोकराला सांगतो की रस्त्यावरच्या लोकांना आग्रहाने आत आण; त्या शब्दांत त्याला राजदंडाच्या वापराला आधार सापडला. पुढच्या अनेक शतकांतील छळाला हा आधार पुरला.

मला वाटते, इथे तीन शब्दांचे नाते बिघडते. कृपा फुकट दिलेली देणगी असेल तर ती दंडाच्या धाकाने कोणाच्या गळी उतरवता येत नाही. उतरवली की ती कृपा उरत नाही. अरण्यातला तिसरा मोह सत्तेचा होता आणि येशूने तो नाकारला. त्याच्या नावाने चालणाऱ्या सत्तांना तो नाकारता आला नाही. आणि निवाड्याच्या त्या प्रसंगात तुरुंगातल्याला भेटलास का, असा प्रश्न आहे. कोणाला तुरुंगात टाकलेस, असा तो कोणी उलटा वाचला असता तर गोव्याच्या न्यायालयाने काय उत्तर दिले असते? ते न्यायालय मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले.

मग ‘क्रिस्तपुराण’ दूर ठेवायचे का? मला तसे वाटत नाही. ज्या सत्तेच्या छायेत ते लिहिले गेले, तिचा दोष सांगायला लागणारी मापे त्या पुराणाच्याच कथेत आहेत. त्यात मोहाची कथा आहे, निवाड्याची आहे, न्यायाधीशच आरोपी झाल्याची आहे. पुढे खुद्द त्या सत्तेलाच या भाषेची अडचण वाटू लागली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. पुराण त्याआधी १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले होते. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ते उरले हस्तलिखितांत, आणि १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. ज्या ओव्या सत्तेने राखल्या नाहीत, त्या वाचकांनी राखल्या.

६

हे तीन शब्द पुढेही मराठीत प्रवास करीत राहिले. श्रीरामपूरहून विल्यम कॅरीने आणि नंतर मुंबईच्या अमेरिकन मिशनने बायबल मराठीत आणले तेव्हा ल्यूथरच्या वाटेने आलेली कृपा मराठी गद्यात उतरली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्त भेटणे यांत काही वर्षांचे अंतर पडले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आधी नियम, मग कृपा, हाच ऑगस्टीनच्या कथेचाही क्रम. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर सामान्य स्त्रियांना कळावे म्हणून साध्या मराठीत आहे. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक दुसऱ्या वाटेने गेले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगितले आणि अभंग हाच आपला छंद मानला. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. रमाबाईंनी भाषेतले जुने पाणी गाळून घेतले. टिळकांनी त्यातच आपली घागर बुडवली. स्टीफन्सने तीन शतकांपूर्वी दोन्ही केले होते.

एक प्रश्न मात्र अजूनही उघडा आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतील मोहाविषयीच्या विनंतीचा मूळ ग्रीक शब्द कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ देतो. प्रचलित मराठी बायबलमध्ये तिथे ‘परीक्षा’ आहे, आणि क्रियापद असे की परीक्षेत आणणारा देवच वाटावा. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत मात्र आम्हाला मोहात पडू देऊ नकोस, असा भाव आहे. पडणारे आम्ही, तू सावर. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या डिसेंबरात नेमका हाच मुद्दा काढला: मोहात पाडणे हे काम पित्याचे नव्हे, पडलेल्याला उठवणे हे पित्याचे काम. त्याच सुमारास फ्रेंच प्रार्थनेतील शब्द बदलले, २०२० साली इटलीतील उपासनाग्रंथातही बदलले. युरोपने जे एकविसाव्या शतकात बदलले, ते साष्टीतल्या आजीच्या ओठांवर आधीपासून होते. भाषांतरात नेहमी काहीतरी हरवते असे आपण म्हणतो. कधी कधी काही सापडतेही.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर असे देता येईल. उरलेल्या पुराणात तो सांगतो की माणूस पडतो, आणि त्याचे कारण बाहेर शोधून पुरत नाही. की एक दिवस प्रत्येकाला जाब द्यावा लागेल, आणि तो जाब दुर्बळांशी आपण कसे वागलो याचा असेल. आणि की जाबाच्या पलीकडे असे काही आहे जे मागून मिळते, मिळवून मिळत नाही. हे पटो वा न पटो. पण अकरा हजार ओव्यांनी मराठीला हे ऐकवले आहे, आणि ज्या सत्तेच्या जोरावर ते ऐकवले गेले तिलाही त्याच ओव्यांपुढे उभे करता येते. भाषेच्या स्तुतीसाठी स्टीफन्सला आठवण्यात गैर काही नाही. फक्त तास तिथे संपू नये.